लाचलुचपतच्या सापळ्यात साध्या माणसाला सोबत नेतात का? धोका किती असतो?

नेतात. मी गेलोय, पंच म्हणजे साक्षीदार म्हणून. यवतमाळ जिल्ह्यात नोकरीला होतो. साहेबांनी पत्र हातात ठेवलं, काम काय ते सांगितलंच नाही. पंच सरकारी कर्मचारीच घेतात, कारण ते फितूर होत नाहीत असा समज आहे. समजच.

वारसाच्या फेरफारासाठी एक तलाठी 3,000 रुपये मागत होता. पडताळणीत ती मागणी आधीच रेकॉर्ड झाली होती. मला तक्रारदाराचा साळा केलं. नोटांचे नंबर पंचनाम्यात उतरवले, वर फिनॉल्फ्थालीनची पावडर चोळली आणि त्याला बजावलं, मागितल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही. तलाठ्यानं आधी चहा सांगितला. मग कापसाचा भाव. तक्रारदाराचा हात सारखा खिशाकडे, मी टेबलाखालून त्याचा पाय दाबतोय. शेवटी एकदाचं आलं, "आणले का बे?" थुंकी लावून नोटा मोजल्या, पँटच्या खिशात घातल्या. इशारा झाला, पथक आत. सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बोटं बुडवली, पावडर लागलेली म्हणून पाणी गुलाबी. खिसा बुडवला, तेही गुलाबी. पँट जप्त, तलाठीसाहेबांसाठी घरून लुंगी मागवावी लागली.

धोका तिथे नसतो, कोर्टात असतो. आमचा तक्रारदारच उलटला, म्हणे उसने पैसे होते. चहा कोणी आणला, खुर्च्या किती, असं विचारून वकिलानं मला पिळून काढलं. मी ऐकलं तेच सांगितलं. तलाठ्याला शिक्षा झाली. तक्रारदार फितूर झाला तरी बाकीच्या पुराव्यावर मागणी सिद्ध होऊ शकते, हे डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानंही सांगितलंय.

तरी आमचे भाऊजी दर लग्नात सुरू होतात, "लेकराबाळाच्या माणसाले फसवलं तुम्ही. पैसे तं पोलिसांनीच कोंबले." कोंबलेल्या नोटा कोणी थुंकी लावून मोजतं का, भाऊजी?

तुम्हाला जायचंच असेल तर लाचलुचपत विभागाच्या 1064 वर फोन करा, मोबाईल लपवून स्वतःच हिरोगिरी नको. नाइलाजानं लाच देऊन बसला असाल तर 7 दिवसांच्या आत कळवा. आणि हो, तक्रारीनंतर तुमचं काम रखडवणारे भेटतात, हे खोटं नाही. सापळ्यातले पैसे मात्र सरकार परत देतं. भाऊजींना हेही माहीत नव्हतं. त्यांनी शेताच्या मोजणीसाठी किती चारले, ते ताईनं मला केव्हाच सांगितलंय.