लहान मुलांच्या हाडांसाठी वेगळं प्रशिक्षण खरंच लागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑर्थोपेडिक्सचं पदव्युत्तर शिक्षण संपत आलंय, मोठ्यांची हाडं व्यवस्थित जोडता येतात, मग मुलांसाठी आणखी एक वर्ष फेलोशिपमध्ये कशाला घालवायचं? आणि तिथे शिकवतात तरी काय? मी बरीच वर्षं हेच काम करते आणि शिकवतेही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं उत्तर 'हो, लागतं' असं आहे.

आधी एक गंमत. 'ऑर्थोपेडिक्स' या शब्दातच मूल आहे. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ मध्ये ग्रीकमधले 'सरळ' आणि 'मूल' हे दोन शब्द जोडून तो घडवला. पुढे आपण सगळे मोठ्यांच्या खुब्या-गुडघ्यांत इतके रमलो की मूल हीच उपशाखा होऊन बसली!

आता मुद्द्याचं. मुलाचं हाड वाढतंय, हे परीक्षेत सगळेच लिहितात. सॉल्टर-हॅरिसचे प्रकार (ग्रोथ प्लेटच्या, म्हणजे हाडाच्या टोकाजवळच्या वाढणाऱ्या कूर्चेच्या फ्रॅक्चरचे, १९६३ चे) तुम्हालाही तोंडपाठ असतील. पण वाढ म्हणजे काय, हे आकड्यांत बघा. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या टोकाला होते, वर्षाला साधारण ९ मिलिमीटर. दहा वर्षांच्या मुलाची ती ग्रोथ प्लेट तुमच्या एका स्क्रूमुळे कायमची बंद पडली, तर वाढ थांबेपर्यंत तो पाय पाच सेंटिमीटरच्या आसपास आखूड राहील. उलट दंडाच्या हाडाची जवळपास ८० टक्के वाढ खांद्याकडे होते. त्यामुळे खांद्याजवळचं फ्रॅक्चर बरंच वाकडं जुळलं तरी मूल ते स्वतःच सरळ करून घेतं, आणि त्याच हाडाच्या कोपराकडच्या टोकाला मात्र वाकडेपणा राहिला की तो राहतो. हाड एकच, पण एका टोकाला सोडून द्यायचं आणि दुसऱ्या टोकाला रात्री दोन वाजता तारा घालायच्या. हे पुस्तकात वाचून कळतं, पण समोर आई-वडील उभे असताना 'काही करायची गरज नाही' असं ठामपणे म्हणायला वाचन पुरत नाही.

माझं स्वतःचंच सांगते. फेलोशिपमध्ये असताना चार वर्षांची एक मुलगी आली. काही महिन्यांपूर्वी नडगीच्या वरच्या टोकाला बारीक चीर गेली होती, प्लास्टरमध्ये उत्तम जुळली होती. आणि आता तो पाय गुडघ्यापासून बाहेरच्या बाजूला झुकत चालला होता. वडील फोटो घेऊनच आले होते, दर महिन्याचा एक. मी संध्याकाळी बसून हाड कुठे कापायचं, किती अंशांनी वळवायचं, सगळं ट्रेसिंग पेपरवर आखलं. माझ्या सरांनी ते कौतुकाने पाहिलं, मग कपाटातून एक जुनी फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. तसंच फ्रॅक्चर, तसाच झुकलेला पाय, आणि पुढची पाचसहा वर्षं काहीही न करता टिपलेल्या नोंदी. पाय आपोआप सरळ होत गेला होता. याला कोझेनचा परिणाम म्हणतात. कोझेन या सर्जनने तो १९५३ मध्ये नोंदवला. पहिलं वर्ष-दीड वर्ष वाकडेपणा वाढतो, मग हळूहळू कमी होतो, आणि घाईने हाड कापलं तर तो पुन्हा येऊ शकतो. मला हे माहीत होतं का? होतं. विश्वास नव्हता. तो त्या फाइलमुळे बसला.

माझ्या मते या प्रशिक्षणाची खरी अडचण इथेच आहे. मोठ्या माणसाचं मनगट जोडलं की दोन-तीन महिन्यांत तुम्हाला आपलं काम कसं झालं ते कळतं. दीड वर्षाच्या बाळाचा निखळलेला खुबा तुम्ही आज जागेवर बसवला, एक्स-रे सुंदर आला, सगळे खूश. ग्रोथ प्लेटच्या बाहेरच्या भागाचा रक्तपुरवठा दुखावला होता, हे कधीकधी ते मूल दहा वर्षांचं झाल्यावर दिसतं. तोवर तुम्ही दुसऱ्या शहरात. एका वर्षाच्या फेलोशिपमध्ये स्वतःच्या कामाचा निकाल बघायला मिळणं अशक्यच, म्हणून दुसऱ्याची वर्षं उसनी घ्यावी लागतात. चांगल्या केंद्रात जुन्या मुलांची फेरतपासणीची ओपीडी असते आणि फेलोला तिथे सक्तीने बसवतात. बहुतेकांना ती कंटाळवाणी वाटते, कारण तिथे चाकू नसतो.

हाताचं शिक्षण वेगळंच. मी क्लबफूटचं (जन्मतःच आत वळलेल्या पावलाचं) प्लास्टर शिकले ते सर्जनकडून नाही, प्लास्टर रूममधल्या मामांकडून. पॉन्सेटी पद्धत तुम्हाला कागदावर माहीत असेलच: आठवड्याला एक याप्रमाणे साधारण पाच-सहा प्लास्टर, मग बहुतेक बाळांमध्ये टाचेची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला टाचेशी जोडणारा दोर) त्वचेतूनच कापायची, शेवटचं प्लास्टर तीन आठवडे, त्यानंतर ब्रेस, म्हणजे पाय वळलेल्या जागी धरून ठेवणारे पट्ट्यांचे बूट. ऐकायला सोपं. इग्नासिओ पॉन्सेटी आयोवात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून हे करत होते, १९६३ मध्ये त्यांनी ते छापलं, आणि तरी कितीतरी वर्षं जगाने ते फारसं मनावर घेतलं नाही. ज्यांनी करून बघितलं त्यांतल्या अनेकांनी तपशील गाळून केलं आणि 'प्लास्टरने जमत नाही' म्हणून पाय उघडून शस्त्रक्रिया करत राहिले. १९९५ मध्ये तीस वर्षांनंतरचे निकाल आले तेव्हा कुठे लोक वळले.

तो गाळलेला तपशील अंगठ्याएवढाच आहे. बाळाच्या घोट्याच्या पुढे, बाहेरच्या बाजूला टॅलसचं (घोट्यातल्या हाडाचं) डोकं बोटाला लागतं. अंगठा तिथे टेकवायचा आणि दुसऱ्या हाताने चवडा बाहेर न्यायचा. पहिल्या प्लास्टरला तर चवडा बाहेर ढकलायच्या आधी अंगठ्याच्या बाजूने वर उचलायचा, म्हणजे कमान सपाट होते; बघणाऱ्याला वाटतं पाय आणखी वाकडा केला. टाचेला हात लावायचा नाही. मी सुरुवातीला टॅलसऐवजी त्याच्या पुढच्या सांध्यावर, म्हणजे पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावर दाबत होते. पॉन्सेटींनी याला 'काइटची चूक' म्हटलंय. तिथे दाबलं की टाचेचं हाड अडतं आणि वळतच नाही. तीन प्लास्टर झाली, पाय होता तिथेच. मामांनी काही न बोलता माझा अंगठा धरला, एक सेंटिमीटर मागे सरकवला आणि म्हणाले, "इथे. आता दाबू नका, नुसता राहू द्या." पुढच्या आठवड्यात पाय वळला. त्या बाळाची तीन प्लास्टर माझ्यापायी वाया गेली, हे मी दर बॅचला सांगते.

म्हणूनच 'प्रशिक्षण' म्हटलं की फक्त सर्जन डोळ्यासमोर आणू नका. मलावी आणि युगांडात ही प्लास्टर घालायला डॉक्टर नसलेल्या ऑर्थोपेडिक क्लिनिकल ऑफिसरांना शिकवलं गेलं आणि त्यांनी ती उत्तम घातली. ब्रिटनमध्ये अनेक क्लबफूट क्लिनिक फिजिओथेरपिस्ट चालवतात. आणि पाय पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण ब्रेस नीट न घालणं हे आहे: पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, मग वयाच्या चार वर्षांपर्यंत झोपेत. माझ्या फेलोंची परीक्षा मी अशी घेते: रडत्या बाळाला, आईसमोर, स्वतः ब्रेस घालून दाखवा. मधला पट्टा आधी, बुटाच्या भोकातून टाच खाली टेकलेली दिसली पाहिजे. शस्त्रक्रियेत तरबेज माणसं इथे घामाघूम होतात. ज्याला स्वतःला घालता येत नाही, तो आईला काय शिकवणार?

नर्सिंगचंही तसंच. कोपराच्या फ्रॅक्चरनंतर स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढायला लागला तर मोठा माणूस सांगतो, दुखतंय. तीन वर्षांचं मूल चिडचिड करतं, घाबरतं, आणि वेदनाशामक औषध वरचेवर द्यावं लागतं. रात्रपाळीच्या सिस्टरने 'रडकं पोर आहे' म्हणून सोडून दिलं की सकाळपर्यंत हात हातचा जातो. ही तीन लक्षणं वॉर्डातल्या प्रत्येकाला पाठ हवीत. माझा वॉर्ड असेल तर मी आधी सिस्टरांचा वर्ग घेते, रेसिडेंटांचा नंतर.

त्याच कोपराबद्दल अजून एक. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर हाताच्या नसा (मज्जातंतू) तपासून नोंद करायची असते. मूल सांगितलेलं ऐकत नाही, म्हणून खेळायचं: दगड-कागद-कात्री. मूठ म्हणजे मीडियन, उघडा पंजा म्हणजे रेडियल, कात्री म्हणजे अल्नर नस. शेवटी अंगठा आणि तर्जनीचा गोल करून 'ओके'. तो गोल न जमता बोटं चपटी टेकली तर मीडियनची पुढची शाखा दुखावलीय. एका मिनिटात तपासणी होते आणि मूल तुमच्याशी बोलायला लागतं, हा वरचा फायदा. हे न करता आत नेलं, आणि बाहेर आल्यावर बोट हलत नाही असं दिसलं, की नस आधीच गेली होती की तुमच्या आतल्या बाजूच्या तारेने गेली, हे कुणालाच सांगता येत नाही.

नवजात बाळाचा खुबा निखळलेला किंवा सैल आहे का याची हाताने करायची तपासणी (ऑर्टोलानी, बार्लो) व्हिडिओवर शिकता येत नाही. खुबा आत सरकतानाचा तो 'खट्' कानाला ऐकू येत नाही, हाताला जाणवतो. सापडलेलं एक बाळ सात-आठ विद्यार्थ्यांनी आळीपाळीने तपासायचं, हे मला पटत नाही. मी दोघांनाच हात लावू देते, बाकीच्यांनी बाहुलीवर. यावर माझे काही सहकारी रागावतात. रागावोत.

सेरेब्रल पाल्सीवर (मेंदूला इजा झाल्याने हालचाली बिघडतात, त्या आजारावर) इथे लिहिलं तर उत्तर संपणार नाही. एवढंच: मूल चवड्यावर चालतंय म्हणून दोन्ही टाचांच्या शिरा लांब करणं हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि नको त्या मुलात केलं तर ते पुढे गुडघे वाकवून, खचत चालायला लागतं. लांब केलेली शीर पुन्हा आखडून देता येत नाही. चालणं बघायला शिकण्यात महिने जातात, ते जाऊ द्यावेत.

आणि एक गोष्ट जी कुणालाच शिकावीशी वाटत नाही. अजून चालतही नसलेल्या बाळाच्या मांडीचं हाड मोडलंय आणि कसं मोडलं हे घरचे नीट सांगत नाहीत, तर प्रश्न विचारावाच लागतो. बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप यांनी १९६२ मध्ये मारहाण झालेल्या मुलांवर लिहिल्यानंतर हे टाळायला निमित्त उरलेलं नाही. मी फेलोंना ते संभाषण माझ्यासमोर करायला लावते. पहिल्यांदा सगळ्यांची जीभ अडखळते.

तुम्हाला फेलोशिप करायचीच नसेल, तर तेही समजू शकते. मग निदान एवढं घट्ट करा: तापात पाय हलवू न देणाऱ्या मुलाचा खुबा म्हणजे पू, तासांचा खेळ. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखतोय आणि गुडघ्याचा एक्स-रे चांगला आहे, तर खुब्याचा काढा, बेडकासारखे पाय करून बाजूचाही, आणि टोपी (मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक) घसरलेली दिसली तर त्याला चालत घरी पाठवू नका. बाकीचं योग्य हातात सोपवा.

करायची असेल, तर केंद्र निवडताना वर्षाला मोठ्या शस्त्रक्रिया किती होतात हे विचारू नका. प्लास्टर तुम्ही घालणार की नुसतं बघणार, जुन्या मुलांची ओपीडी कोण चालवतं, फिजिओथेरपीत किती दिवस बसवतात, हे विचारा. आणि अर्ज भरण्याआधी एक दिवस तिथे जाऊन बसा, शक्यतो क्लबफूटच्या प्लास्टरच्या दिवशी. पंधरा-वीस बाळं एकदम रडत असतात. दुपारपर्यंत तुमचं डोकं उठलं नाही, तर खुशाल अर्ज करा.