वाचकांचे प्रश्न: फिनिशमधलं 'किर्यान' की 'किर्याऽ'?

प्रश्न: नर्सिंगच्या नोकरीसाठी फिनलंडला जायचं ठरवलंय, म्हणून फिनिश शिकते आहे. 'किर्या' म्हणजे पुस्तक. पण वाक्यात कधी 'किर्यान' येतं, कधी 'किर्याऽ'. प्रत्यय पाठ आहेत, तरी बोलताना चुकतात. काय करू?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर: 'किर्याऽ' ही पार्टिटिव्ह, म्हणजे अपुरेपणा किंवा अंश दाखवणारी विभक्ती. (ऽ म्हणजे स्वर लांबवा.) प्रत्ययांआधी वापर पक्का करा. 'पुस्तक वाचत होते' आणि 'पुस्तक वाचून काढलं' हा फरक आपण क्रियापदात दाखवतो, फिनिश तो कर्मात दाखवते. 'लुइन किर्याऽ' म्हणजे वाचत होते. 'लुइन किर्यान' म्हणजे वाचून काढलं. फिनिशला स्वतंत्र भविष्यकाळ नाही, त्यामुळे वर्तमानातलं 'लुएन किर्यान' बहुधा 'वाचून काढीन' असं होतं. तुमचं मराठी वाक्य 'वाचून काढलं', 'खाऊन टाकलं' या घडणीचं असेल, तर एकवचनी कर्माला सहसा '-न' लागतो.

नकार आला की विचारच करू नका, कर्म पार्टिटिव्हमध्येच: 'एन लुए किर्याऽ', मी पुस्तक वाचत नाही. वाट पाहणे, प्रेम करणे या क्रियापदांनाही तीच लागते: 'ओदोतान बुस्सिआ', बसची वाट पाहते.

आकड्यांत मराठी माणूस हमखास अडकतो. बाजारात आपण 'दोन बांगडे' म्हणतो, म्हणून तिथेही अनेकवचन करायला जातो. फिनिशमध्ये एक सोडून पुढच्या आकड्यांना एकवचनी पार्टिटिव्ह लागते. 'काला' म्हणजे मासा, दोन मासे 'काक्सि कालाऽ'.

प्रत्यय तसे सोपे. शब्दात आ, ओ, उ असेल तर 'आ', नसेल तर 'बॅट'मधला ॅ. एका ऱ्हस्व स्वराने संपणाऱ्या बहुतेक शब्दांना नुसता स्वर (तालो–तालोआ, घर), दीर्घ स्वराच्या एकाक्षरी शब्दांना 'ता' (माऽ–माऽता, देश), 'ए'ने संपणाऱ्यांना बहुधा 'त्ता' (हुओने–हुओनेत्ता, खोली). त्रास देतात ते 'इ'ने संपणारे जुने शब्द. 'बुस्सि'सारखा उसना शब्द सरळ वागतो, पण पाणी म्हणजे 'वेसि', त्याचं 'वेत्तॅ'. म्हणून वहीत प्रत्येक नाम तीन रूपांत लिहा: वेसि, वेदेन, वेत्तॅ.

आपल्याला शेवटचा 'आ' लांबवायची सवय असते, मग 'काला' आणि 'कालाऽ' सारखेच ऐकू येतात. मूळ शब्द आखूड तोडा, पार्टिटिव्हचा शेवट जवळजवळ दुप्पट धरा, आणि दोन्ही फोनवर रेकॉर्ड करून लागोपाठ ऐका.