मुरगावच्या जहाजावरची म्हणून सांगितलेली रायफल

वाचकांचे प्रश्न : जुनी हत्यारे
उत्तरे देत आहेत लष्करातून निवृत्त झालेले एक आर्मरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे), फोंडा

प्रश्न : काका, माझे थोरले चुलते तारवटी होते. पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि तिथेच वारले. त्यांच्याकडे एक जर्मन रायफल होती, ती आता माझ्या चुलतभावाकडे आहे. मुरगाव बंदरात जी जर्मन जहाजं जळली, त्यांतल्या ‘एहरेनफेल्स’वरची ही रायफल, असं चुलते सांगायचे. भावाने पाठवलेले फोटो सोबत जोडते. रायफल अस्सल आहे का? तिची किंमत काय येईल? आणि ती गोव्यातल्या आमच्या मूळ घरी आणता येईल का?
(एक वाचक, वास्को)

उत्तर : ताई, फोटो भिंग लावून पाहिले. रायफल अस्सल आहे, पण ‘एहरेनफेल्स’वरची नाही.

रिसीव्हरच्या, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मधल्या पोलादी सांगाड्याच्या, डाव्या अंगावर ‘के ४३’, त्याच्याजवळ ‘एसी’ आणि ‘४४’ अशी ठोकलेली अक्षरं स्वच्छ दिसतात. ‘एसी’ हा वाल्थर कारखान्याचा युद्धकाळातला सांकेतिक ठसा आणि ४४ म्हणजे 1944 साल. मुरगावात 1939 पासून अडकून पडलेली ती तीन जर्मन जहाजं आणि त्यांच्यासोबतचं एक इटालियन जहाज 9 मार्च 1943 च्या रात्री पेटली आणि बुडाली. कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिशांच्या राखीव पलटणीच्या मंडळींनी ‘एहरेनफेल्स’वर हल्ला केला, तीच ही रात्र. तुमची रायफल ज्या जातीची आहे त्या ‘गेवेर ४३’चं उत्पादन सुरू झालं ते त्याच वर्षाच्या उत्तरार्धात, आणि तिचं नाव बदलून ‘काराबिनर ४३’, म्हणजे तुमच्या फोटोतलं ‘के ४३’, झालं 1944 मध्ये. जहाज तळाशी गेलं तेव्हा ही रायफल जन्माला आली नव्हती.

चुलत्यांना खोटं ठरवायचा माझा बिलकूल हेतू नाही. मुरगावच्या त्या जहाजांच्या गोष्टी ऐकत आपल्याकडे पिढ्या वाढल्या. परदेशात राहणाऱ्या माणसाने घरातल्या जर्मन हत्याराला आपल्या बंदराची गोष्ट जोडली, तर त्यामागची ओढ मला कळते. पण रायफलीवर जे ठोकलेलं आहे तेच आधी वाचायचं आणि सांगोवांगी मागाहून, हा माझा नियम आहे. अशा पुष्कळ रायफली अमेरिकन सैनिकांनी युरोपातून घरी नेल्या. ती नेताना वरिष्ठांच्या सहीचा परवानगीचा कागद मिळत असे. चुलत्यांनी ती कुणाकडून विकत घेतली असेल, तर तो कागद सोबत आला असण्याची शक्यता आहे. भावाला जुन्या ट्रंका, फायली नीट पाहायला सांगा. तो मिळाला तर रायफलीला खरा इतिहास मिळेल, आणि किंमतही वाढेल.

आता रायफलीविषयी. अर्धस्वयंचलित रायफल म्हणजे चाप ओढला की एक गोळी सुटते आणि सुटताना झालेल्या वायूच्या जोरावर पुढची आपोआप भरली जाते. जर्मन लष्कराला आधी अशी जी रायफल हवी होती तिच्यासाठी अट अशी होती की हा वायू घेण्यासाठी नळीला भोक पाडायचं नाही. म्हणून ‘गेवेर ४१’मध्ये नळीच्या तोंडावर टोपण बसवून तिथे वायू अडवला. ती जड झाली, तोंडाशी काजळी धरायची, गंजायची. मग रशियन आघाडीवर तोकारेव्ह या रशियन रचनाकाराची ‘एसव्हीटी ४०’ रायफल हाती लागली आणि तिची वायूची रचना वाल्थरने उचलली : नळीला वरून छिद्र, त्यावर छोटा पिस्टन. तुमच्या चौथ्या फोटोत पुढचा लाकडी हातरक्षक काढलेला आहे, तिथे ही मांडणी स्पष्ट दिसते. काडतूस नेहमीचं 7.92 मिलिमीटरचं, मॅगझिन दहा गोळ्यांचं आणि निघणारं. गोळी भरताना ओढायची मूठ डावीकडे आहे. दर गोळीला हाताने बोल्ट ओढाव्या लागणाऱ्या जर्मन माउझर रायफलीवर उजवा हात बसलेल्या माझ्यासारख्याला ती पाहून क्षणभर थांबावं लागतं.

अस्सलपणाबद्दल मला सगळ्यांत आवडलेला फोटो मॅगझिनच्या वरच्या भागाचा, जवळून घेतलेला. रिसीव्हरच्या पोलादावर कातकामाचे आडवे ओरखडे तसेच आहेत, कडा नीट घासलेल्या नाहीत. भावाने लिहिलंय, ‘काम ओबडधोबड वाटतं, नकली तर नाही ना?’ उलट आहे. 1944 मध्ये वेळ नव्हता आणि कुशल हात आघाडीवर गेले होते; जिथे गरज नाही तिथे घासायचंच नाही असं ठरलेलं होतं. हीच रायफल आरशासारखी गुळगुळीत आणि काळीभोर दिसली असती तर मी सावध झालो असतो, कारण तसं काम मागाहून कुणीतरी केलेलं असतं. आणि हे ओरखडे पाहताना एक गोष्ट मी विसरू शकत नाही, वाचकांनीही विसरू नये : वाल्थरने हाम्बुर्गजवळच्या नॉयएनगामे छळछावणीत कारखाना काढून कैद्यांकडून या रायफलींचं काम करून घेतलं. तुमच्या रायफलीचा कुठला भाग कुणाच्या हातून गेला हे फोटोवरून कळत नाही. पण संग्राहक जेव्हा ‘युद्धाच्या शेवटी दर्जा घसरला’ एवढंच म्हणून पुढे जातात, तेव्हा मला वाईट वाटतं.

उणी बाजूही सांगतो. रिसीव्हरवरचा क्रमांक आणि बोल्ट-कॅरिअरवरचा (बोल्टला मागेपुढे नेणाऱ्या भागावरचा) क्रमांक जुळत नाहीत. सैन्यात दुरुस्तीच्या वेळी किंवा युद्धानंतर जमवाजमव करताना असं व्हायचं. संग्राहकांच्या बाजारात मात्र सगळे क्रमांक जुळणाऱ्या रायफलीला जो भाव येतो तो अशीला येत नाही. क्रमांकाखालचं लहान अक्षर फोटोत कापलं गेलंय. ते लागेलच, कारण जर्मन क्रमांक ठरावीक आकड्यापर्यंत जाऊन पुन्हा एकपासून सुरू होत आणि अक्षर बदले. अक्षराशिवाय क्रमांक अर्धाच.

दस्ता थरांच्या लाकडाचा आहे, तो बरोबर आहे. पण कुणीतरी पॉलिशपेपर मारून वार्निश लावलंय आणि लाकडावरचे तपासणीचे ठसे त्यात गेले. आता भावाने त्याला हात लावू नये. तेल नको, पॉलिश नको. लोखंडावर वाल्थर कारखान्यातल्या लष्करी तपासनिसाचा गरुडाचा ठसा आणि त्याखाली ३५९ दिसतो का, तेवढं बघून कळवा.

उजव्या बाजूच्या पट्टीवर दुर्बीण आहे, म्हणून भाऊ तिला ‘स्नायपर’ म्हणतो. ती पट्टी या जातीच्या बहुतेक सगळ्या रायफलींना असते. त्यावर ‘झेडएफ ४’ ही चौपट मोठं दाखवणारी दुर्बीण बसते आणि तिच्या नकला ढिगाने मिळतात. फोटोतल्या दुर्बिणीवरची अक्षरं फारच ठसठशीत आणि रंग सारखा आहे. मला ती नवी वाटते. हातात घेणाऱ्या जाणकाराने वेगळं सांगितलं तर त्याचं ऐका. विकताना रायफल आणि दुर्बीण यांची किंमत वेगळी काढा. आकडा मी देत नाही, तो तिथल्या लिलावात अशाच न जुळणाऱ्या क्रमांकांच्या रायफली कितीला गेल्या ते पाहून ठरवावा.

आणि भावाने तिच्यातून गोळी झाडून पाहू नये. या रायफलीत वायूचा दाब गरजेपेक्षा जास्त असतो, कॅरिअर मागे जोरात आपटतो, ऐंशी वर्षांचं पोलाद त्यात तडकतं.

गोव्यात आणण्याचं मनातून काढून टाका. आपल्याकडे अर्धस्वयंचलित रायफल प्रतिबंधित गटात येते, घरच्या आठवणीसाठी म्हणून तिचा परवाना मिळत नाही. चांगले मोठे फोटो छापून घ्या, चुलत्यांचा एखादा फोटो शेजारी ठेवा.

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर गंजलेली बोल्टची रायफल सापडली. वर ढालीचं चिन्ह आहे. शंभर वर्षांची असावी. दिवाणखान्यात लावू का?
(एक वाचक, पेडणे)

उत्तर : ढालीत पाच लहान ढाली असतील तर ती पोर्तुगीज राजमुद्रा. पोर्तुगालने 1937 मध्ये जर्मनीकडून अशा माउझर रायफली घेतल्या होत्या, त्यामुळे शंभरी भरलेली असेलच असं नाही. पण लावायची घाई नको. परवान्याविना बंदूक बाळगणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट हत्याराला कायद्यात सूट आहे, मात्र ती लागू होते की नाही हे तुम्ही आम्ही ठरवायचं नाही. बोल्ट ओढू नका, आत काडतूस नाही असं धरून चालू नका. रायफल गाडीत घालून नेऊही नका. आधी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी कळवा, त्यांना घरी येऊन ती ताब्यात घेऊ द्या आणि पावती घ्या. परवान्याचा किंवा निकामी करून परत मिळण्याचा अर्ज त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येईल.