इंदिराराजेंसारखं नेसायचंय?

अगं, दागिन्यांपासून सुरुवात करू नकोस. आपल्या बडोद्याच्या सयाजीरावांची ही लेक (जन्म 1892) पुढे कूचबिहारची महाराणी झाली. फ्रेंच शिफॉनची साडी रूढ केली ती तिनेच. तिचे फोटो नीट बघ, पण हिरे-मोती सोडून. फिकट रंग, हलकं कापड आणि पदराची सैल झोक, एवढंच उचल.

मंगळबाजारात जॉर्जेट स्वस्त मिळेल, सराव त्यावरच कर. परकर साडीच्याच रंगाचा आणि सुती हवा; सॅटिनवरून निऱ्या घसरतात. पिनेत आधी एक मणी ओव, म्हणजे कापड अडकून फाटत नाही. आणि हो, जरीचा जड ब्लाऊज नको. मला तरी तो शिफॉनवर अगदी बेंगरूळ वाटतो.