पदवीसाठी पर्यावरणशास्त्र घ्यावे की परिस्थितिकी?

बारावीनंतर या दोहोंपैकी काय निवडावे, असे आपण विचारले आहे. परिस्थितिकी, म्हणजेच इकॉलॉजी, ही सजीवांचे एकमेकांशी आणि परिसराशी असलेले नाते अभ्यासणारी जीवशास्त्राची शाखा आहे. पर्यावरणशास्त्रात तिच्या जोडीला रसायनशास्त्र, भूशास्त्र, प्रदूषण-नियंत्रण आणि कायदाही येतो.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्या खडकावरील मातीचा थर अतिशय पातळ असून त्यात नत्र कमी असते, म्हणून तेथील ‘सीतेची आसवे’ ही चिमुकली वनस्पती सूक्ष्म जीव पकडून ती उणीव भरून काढते. हे उलगडणे परिस्थितिकीचे काम आहे. तर पर्यटकांच्या पावलांनी, वाहनांनी आणि कचऱ्याने त्याच पठारावर काय परिणाम होतो हे मोजून उपाय सुचवणे पर्यावरणशास्त्राचे.

माझ्या मते, रानात भटकून निरीक्षण करण्याची ओढ असेल, तर पदवीला वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र पक्के करावे आणि परिस्थितिकीकडे पदव्युत्तर टप्प्यावर वळावे. संख्याशास्त्र मात्र कोणत्याही वाटेवर टाळू नये, कारण एक मीटरच्या चौकटी आखून कितीही झाडे मोजली, तरी त्या आकड्यांवरून संपूर्ण पठाराविषयी काही म्हणता येईल की नाही, हे त्याशिवाय ठरवता येत नाही.