16 मिमीची निगेटिव्ह एडिटिंगसाठी डिजिटल कशी करून घ्यावी?

अमळनेरच्या धाब्याच्या घरात, पत्र्याच्या पेटीत 16 मिमी रंगीत निगेटिव्हचे 400 फुटी तीन डबे सापडले. ती प्रोजेक्टरवर चालवून पडद्यावरचं चित्र कॅमेऱ्याने उतरवून घेतलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही चालणार. ती फिल्म लॅबमध्ये स्कॅन करून घ्यावी लागते. निगेटिव्ह प्रोजेक्टरवर चढवूच नका. गेटमध्ये, म्हणजे फिल्म सरकते त्या फटीत, पडलेला ओरखडा परत भरून येत नाही, आणि चित्रही उलट्या रंगांचंच दिसेल.

आधी डब्यांचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा ॲसिटेट पाया कुजायला लागलाय. खानदेशातला मे महिना, वर पावसाळ्यातली दमट हवा, यात ते फार वेगाने होतं. सुटलेलं ॲसिड शेजारच्या रिळालाही लागतं, म्हणून वासाचा डबा आजच वेगळा ठेवा. मग सुती हातमोजे घालून, फक्त कडांना धरून, पहिल्या छिद्रापासून 101व्या छिद्रापर्यंतचं अंतर मोजा. ते साधारण 760 मिमी हवं. 753 च्या आसपास भरलं तर फिल्म एक टक्का आकसलीय. मग दातेरी चाकांचं यंत्र छिद्रं फाडेल. नुसत्या रोलरवर फिल्म ओढणारा स्कॅनर आहे का, ते लॅबला विचारून घ्या.

लॅबला लेखी सांगा: 2के (सुमारे दोन हजार पिक्सेल रुंद चित्र), 10 बिट लॉग (उजेड-अंधाराचा सगळा पल्ला राखणारी नोंद), डीपीएक्स (फिल्म स्कॅनची फाइल), एका फ्रेमची एक फाइल, रंग दुरुस्ती नको. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. निगेटिव्हमध्ये उजेड-अंधाराचा पल्ला मोठा असतो. ऑपरेटरने चित्र तिथेच झणझणीत केलं, तर उन्हातलं पांढरं धोतर आणि ओसरीतल्या सावल्या दोन्ही कायमच्या सपाट होतात. स्कॅन फिकट, मळकट दिसला तर तो बरोबर आहे. नारिंगी झाक हा दोष नव्हे, तो रंगीत निगेटिव्हचा मास्कच, म्हणजे फिल्ममध्येच मुद्दाम दिलेला रंगाचा थर आहे; पॉझिटिव्ह करताना लाल, हिरवा, निळा हे चॅनल वेगवेगळे जुळवून ती काढतात.

वेगात, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स यात, बरेच जण फसतात. 400 फूट म्हणजे 16,000 फ्रेम्स. सेकंदाला 24 ने 11 मिनिटं 7 सेकंद, 25 ने 10 मिनिटं 40 सेकंद. चित्रीकरण 24 चं असेल तर रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पहिली क्लिप आणण्याआधीच प्रोजेक्ट 24 वर ठेवा, नंतर तो आकडा बदलता येत नाही.

डीपीएक्सची एक फ्रेम साधारण 12.6 एमबीची, म्हणजे एका रिळाला 200 जीबी. तीन रिळं दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. एडिटिंग प्रोरेस या व्हिडिओ फॉरमॅटच्या हलक्या प्रतीवर करा. फाइलचं नाव आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळेचा क्रमांक) मूळचाच ठेवा, म्हणजे शेवटी डीपीएक्स पुन्हा जोडता येतील.

रिळात शॉट, काळी पट्टी, पुन्हा शॉट असं दिसलं तर ते ए-बी रोल आहेत, म्हणजे एकाआड एक शॉट दोन रिळांत वाटलेले. दोन्ही स्कॅन करून टाइमलाइनवर एकावर एक बसवा. आवाज निगेटिव्हवर बहुधा नसतोच. त्याचं वेगळं रीळ किंवा पाव इंची टेप पेटीत शोधा. प्रिंट, म्हणजे दाखवायची पॉझिटिव्ह प्रत, सापडली तर तिच्यावरचा ऑप्टिकल आवाज (फिल्मच्या कडेला छापलेला) चित्राच्या 26 फ्रेम्स पुढे असतो, म्हणून टाइमलाइनवर तो तेवढा उशिरा सुरू होईल असा सरकवा.

डबे लॅबला न्यायचे ते डिसेंबर-जानेवारीत, हातात धरून, रात्रीच्या गाडीने. उन्हात उभ्या कारच्या डिकीत ते तासभरही राहू देऊ नका.