दोन्ही बाजूंचं कव्हर छापताना

कार्डशीटला लगेच हात लावू नकोस. आधी साध्या ए४ कागदावर छाप. कागद खिडकीच्या काचेवर धर, पुढच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांत टाचणी टोच आणि उलटून बघ: भोकं मागच्या कोपऱ्यांवर आली का? घरच्या प्रिंटरवर एखादा मिलिमीटर सरकतंच, त्याने खचून जाऊ नकोस.

सुरुवातीला हमखास चुकतं ते:
- प्रिंट सेटिंगमधलं 'फिट टू पेज' (चित्र कागदात मावेल असं लहान-मोठं करणारं) चालू राहतं. आकार १००% ठेव.
- आडव्या कव्हरला 'शॉर्ट एज' (कागद आखूड कडेवरून उलटणं) न निवडल्याने मागची बाजू उलटी येते.
- कडेलगत बारीक बॉर्डर. ती काढूनच टाक. जरा सरकलं तरी डोळ्यांत खुपते. रंग मात्र कापायच्या रेषेबाहेर ३ मिमी जाऊ दे.

कागद हाताने उलटून घालत असशील तर कुठल्या दिशेने घालायचा ते कळायला कोपऱ्यात पेन्सिलीने बाण काढ. रंगांचं प्रोफाइल-बिफाइल नंतर बघू.